खलाशी

2011 च्या पावसाळ्यात माझ्या मामाने आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज भरला. तेव्हा त्याचं वय 51 होतं. दांडीच्या घरी, पडवीत गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यावर बसून तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख. शिक्षण सातवी पास. मग अनुभवाचा रकाना आला. मी विचारलं, "मामा, इथे काय लिहू?" तो बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. म्हणाला, "कारखान्याचं तोंड कधी बघितलंय मी? लिही, काही नाही."

मी तसंच लिहिलं. 'नाही'.

वयाच्या बाराव्या वर्षी होडीवर चढलेला, पुढे स्वतःच्या बोटीचा तांडेल झालेला हा माणूस. त्याच्या 39 वर्षांपुढे मी हा एक शब्द लिहिला आणि त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नाही. आज हे लिहायला बसलो आहे ते त्या शब्दाची दुरुस्ती करायला.

दांडी हे माझं आजोळ. बाहेरच्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की तो हमखास विचारतो, "गांधीजींची दांडी का?" ती गुजरातेत, नवसारीजवळ. 6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ते तिथे. आमची दांडी पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला, उच्छेळीला खेटून. जवळच नवापूर, मुरबे आणि मुरब्याच्या खाडीपलीकडे सातपाटी. मांगेला समाजाची वस्ती आणि पोट दर्यावर. आजोबा म्हणत, "आपल्या गावात कामधंदा बदलायचं वय नसतं. दर्या बदलला की माणसाने बदलायचं." लहानपणी मला ते नुसतं बोलणं वाटे. त्यांच्या गोष्टी आठवून पाहिल्या तेव्हा कळलं, की या गावाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आहे.

आजोबांच्या गोष्टींतली पहिली बेकारी जाळ्यामुळे आली. त्यांच्या तरुणपणी जाळी सणाची आणि सुताची असत. खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत. म्हणून झाडाच्या सालीचा काढा मोठ्या हंड्यांत उकळून त्यात जाळी बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. हे काम दर्यावर जाणं थांबलेल्या म्हाताऱ्यांचं. कोणती साल किती वेळ उकळायची, जाळ्याला रंग कुठवर चढला की बाहेर काढायचं, हे त्यांनाच कळे. त्या कामाचा त्यांना वाटा मिळे आणि मानही मिळे. मग नायलॉन आलं. नायलॉन कुजत नाही, त्याला काढा लागत नाही. आजोबा सांगत, "दोन-तीन पावसाळ्यांत हंडे पालथे पडले. म्हातारी माणसं नुसती बसून राहिली. त्यांना कोणी जा म्हणालं नाही, पण या असंही कोणी म्हणेना."

पाठोपाठ इंजिनं आली. शिडाची होडी चालवणाऱ्या तांडेलाचं अर्धं शहाणपण वाऱ्यात होतं. मतलई केव्हा सुटेल, दुपारचा वारा कुठल्या अंगाने वळेल, हे त्याला अंगावरच्या घामावरून समजे. इंजिनाला वाऱ्याची पर्वा नव्हती. पण भरती-ओहोटीचं गणित मात्र इंजिनालाही चुकवता आलं नाही. ते गणित आजोबांनी मला बोटांवर शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. डोल जाळं लावणाऱ्याचं सगळं आयुष्य या पाढ्यावर चालतं, कारण डोल पाण्याच्या ओढीवर फुगते आणि ओढ थांबली की ती उचलावी लागते. मग रात्रीचे दोन असोत की पहाटेचे पाच.

आजोबांची स्वतःची गोष्ट 1965 ची. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. भारत आणि अमेरिकेत 1963 ला करार झाला, अमेरिकन कंपनीच्या अणुभट्ट्या येणार असं ठरलं आणि आमच्या किनाऱ्यावर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहू लागलं. गावातल्या लोकांना यातलं फार थोडं ठाऊक होतं. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की अक्करपट्टीच्या बाजूला मोठं काम निघालंय आणि रोजंदारी रोख मिळते. आजोबांचं वय तेव्हा 43. होडी दुरुस्तीला आली होती, घरात पाच मुलं, सगळ्यांत धाकटा माझा मामा पाच वर्षांचा. आजी म्हणाली, "पावसाळ्यापुरतं जाऊन बघा."

भाकरी बांधून, खाडी उतरून ते किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले. नवापूर, आलेवाडी, नांदगाव मागे टाकत कामावर पोचले. तिथे मुकादमापुढे माणसांची रांग होती. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, "काय येतं?" कोणी म्हणे दगड फोडतो, कोणी म्हणे माती वाहतो. आजोबांची पाळी आली तेव्हा त्यांना काय सांगावं सुचेना. बाजूला दोराचं एक भेंडोळं पडलं होतं, मध्येच तुटलेलं. त्यांनी तुटलेली दोन्ही टोकं उचलली, पीळ उलगडले आणि दोरात दोर गुंफून सांधा असा केला, की कुठे जोडलंय ते हाताला लागू नये. मुकादमाने तो दोन माणसांकडून ओढून पाहिला. मग हजेरीबुकात आजोबांच्या नावापुढे लिहिलं: 'खलाशी'.

ही गोष्ट सांगताना आजोबांचा चेहरा उजळायचा. "अरे, मी होडीवरही खलाशीच होतो की! त्या माणसाला कसं कळलं?"

मुकादमाला त्यांची होडी ठाऊक नव्हती. पण त्या शब्दाचा प्रवास मोठा आहे. खलाशी हा मुळात अरबीतून आलेला शब्द, गलबतावर दोर आणि शिडं सांभाळणाऱ्या माणसाचा. गलबतावर जड ओझं कप्पीने चढवणारा, डोलकाठी उभी करणारा हाच माणूस पुढे जमिनीवर रेल्वेच्या कारखान्यांत, पुलांच्या आणि यंत्रांच्या कामावर गेला आणि आपलं नाव बरोबर घेऊन गेला. रेल्वेत खलाशी हे कितीतरी वर्षं नोकरीतलं पद होतं. केरळात बेपूरचे खलाशी लाकडी गलबतं दोर आणि कप्प्यांनी पाण्यात ढकलत आले आहेत. जुलै 1988 मध्ये पेरुमण इथे आगगाडीचे डबे अष्टमुडी तळ्यात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढायलाही त्यांना बोलावण्यात आलं. समुद्रावरच्या कसबाला जमिनीवर नाव होतं, म्हणून ते कसब जमिनीवर कामाला लागलं.

आजोबा त्या बांधकामावर चार वर्षं राहिले. कप्प्या, दोर, साखळ्या. त्यांच्या हाताखाली विशीतली पोरं होती आणि ती त्यांना काका म्हणत. 28 ऑक्टोबर 1969 ला केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली आणि 1970 च्या जानेवारीत इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. तोवर बांधकामाची माणसं पांगली होती. आजोबा 47 व्या वर्षी परत दर्यावर आले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी होडीला इंजिन बसवलं. त्या वयात त्यांनी दोनदा धंदा बदलला आणि दोन्ही वेळा कुणी त्यांना नवशिका म्हटलं नाही.

आजीची गोष्ट तिने कधी गोष्ट म्हणून सांगितली नाही. ती मासळीची टोपली घेऊन बोईसरला जायची, कधी गाडीने मुंबईकडेही. आजोबा गेले तेव्हा ती 58 वर्षांची होती आणि टोपली डोक्यावर पेलवत नव्हती. 1970 नंतर वाढत गेलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत तोवर बाहेरगावची माणसं खोल्या करून राहू लागली होती. आजीने माझ्या आईला बोईसरला बोलावून घेतलं आणि दोघींनी जेवणाचे डबे सुरू केले. आई म्हणाली होती, "आपल्याला कुठे खानावळ चालवता येते?" त्यावर आजीचं उत्तर आईला अजून पाठ आहे: "उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे मला येतं. बाकी भात तर रोजच रांधतो." चाळीस वर्षं बाजारात बसून तिला माणसाचा चेहरा वाचता येत होता. डब्यांचा धंदा त्यावरच चालला. बिहारहून आलेल्या एका पोराला तिने दोन महिने उधारीवर जेवू घातलं आणि त्याने पुढे एकेक पैसा आणून दिला.

याच काळात दर्या बदलत होता. औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्रात जाऊ लागलं. खाडीत मेलेली मासळी तरंगलेली मी लहानपणी स्वतः पाहिली आहे. मामा ओंजळीत पाणी घेऊन नुसता वास घ्यायचा आणि न बोलता सोडून द्यायचा. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ते संच 2005 आणि 2006 मध्ये चालू झाले. सरंगा, ज्याला बाजारात पापलेट म्हणतात, आकाराने आणि संख्येने घटत गेला. जाळ्यात तळहाताएवढी पिलं येऊ लागली. 2023 मध्ये राज्य सरकारने याच पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला, तोवर आमच्या किनाऱ्यावरच्या अनेक होड्या विकल्या गेल्या होत्या.

समाज गप्प बसला नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक 93.69 निघाला, देशातल्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वाईट. आमच्या लोकांना ते ओंजळीतल्या पाण्यावरून आधीच कळलं होतं.

दर्या अधूनमधून देतही होता. 2021 च्या ऑगस्टअखेरीस मुरब्याच्या एका बोटीला 157 घोळ मासे मिळाले आणि त्यांच्या पोटातल्या भोतामुळे, म्हणजे हवेच्या पिशवीमुळे, ते सव्वा कोटीच्या वर गेले. देशभर बातमी झाली. पण एका बोटीच्या नशिबावर गावाचा संसार चालत नाही. मामाने बोट विकली त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

त्या दहा वर्षांत मी पाहिलेल्या दुसऱ्या एका माणसाचं इथे सांगायला हवं. माझा मावसभाऊ डायमेकर. आमच्या किनारपट्टीवर दागिन्यांचे पोलादी ठसे हाताने कोरण्याचा धंदा घरोघरी चालतो. चिंचणी, तारापूरपासून इकडच्या गावांपर्यंत कितीतरी ओट्यांवर भिंग लावून वाकलेली माणसं दिसत. पोलादाच्या चौकोनी तुकड्यावर वेलबुट्टी उलटी कोरायची, मग तो तापवून पाणी द्यायचं. सोनार त्यावर पातळ पत्रा दाबून नक्षी उठवतो. मावसभाऊ वीस वर्षं हेच करत होता. संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि त्याच्या चार दिवसांचं काम काही तासांत होऊ लागलं. तो 46 व्या वर्षी त्याच यंत्रांच्या कारखान्यात गेला. आधी त्याला झाडलोट दिली. एकदा यंत्राने कोरलेला ठसा पाहून तो म्हणाला, "या पाकळीची धार पत्रा फाडणार." आणि पत्रा फाटला. आता यंत्रावर चढणारं प्रत्येक चित्र आधी त्याच्या डोळ्यांखालून जातं.

मामाला त्या 'नाही' लिहिलेल्या अर्जावर नोकरी मिळाली. ठेकेदारामार्फत, मदतनीस म्हणून, पगार सगळ्यांत खालचा. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे असे कितीतरी आहेत. पहिले काही महिने त्याला झोप लागेना. जन्मभर तिथीवर उठणारा माणूस, त्याला सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात या पाळ्या अंगवळणी पडेनात. शेवटी त्याने एक युक्ती केली. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथीखाली तो पेन्सिलीने पाळी लिहू लागला. 'षष्ठी, तिसरी पाळी.' मामी विचारायची, "आता भरतीशी काय काम?" तो म्हणायचा, "भरती कधी आहे ते माहीत असलं म्हणजे मी कुठे आहे ते मला कळतं."

दीड वर्ष असं गेलं. एका दुपारी कारखान्यात जड मोटर वर चढवायची होती. साखळी लावली, पट्टा बांधला आणि चार माणसं ओढू लागली. मामा झाडू घेऊन बाजूला उभा होता. त्याने झाडू टाकला आणि ओरडला, "थांबा! खाली या सगळे." पट्टा एका अंगाला सरकत होता. ओझ्याचा तोल कुठे आहे ते त्याला लांबूनच दिसलं होतं. उधाणात बोट झुलत असताना बर्फाने आणि मासळीने भरलेले टप काढायची त्याला सवय होती. त्याने मोटर उतरवायला लावली, पट्ट्याची जागा बदलली, गाठ स्वतः मारली आणि एका माणसाला सांभाळायला दोर दिला. मोटर सरळ वर गेली. तिथल्या तरुण इंजिनियरने विचारलं, "काका, हे कुठे शिकलात? तुमच्या अर्जात तर काही नाही."

हे मला मामाने सांगितलं तेव्हा तो हसत होता. मला मात्र त्या पडवीतली दुपार आठवली आणि बोलवेना. तो अर्ज माझ्या अक्षरात होता.

1965 च्या मुकादमाकडे छापील अर्ज नव्हता. त्याने "काय येतं?" असं विचारलं आणि माणसाचे हात पाहिले. 2011 मध्ये मी, शिकलेला भाचा, समोर बसूनही "कुठे नोकरी केली?" एवढंच विचारत होतो. उतारवयात काम शोधणाऱ्या माणसाचं सगळं भवितव्य या दोन प्रश्नांमधल्या फरकावर अवलंबून असतं. पन्नाशीचा माणूस नवीन कामाला येतो तेव्हा कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्या पाटीवरची अक्षरं वाचणारा कुणीतरी लागतो.

मामा त्या प्रसंगानंतर जड सामान हलवण्याच्या कामावर गेला. काही महिन्यांनी पगारही वाढला. 60 व्या वर्षी, 2020 मध्ये, तो निवृत्त झाला. आता पहाटे खाडीत छोटी होडी घेऊन जातो, घरापुरती मासळी आणतो आणि दुपारी शेजाऱ्यांची जाळी शिवून देतो.

आमच्या किनाऱ्यावर आता पुन्हा मोठं काम निघालं आहे. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा 76,000 कोटींच्या वर आहे. मुरब्यालाही बंदर प्रस्तावित आहे. मासेमारी करणाऱ्या गावांचा या बंदरांना विरोध आहे आणि त्या विरोधामागची भीती माझ्या घरातलीच आहे. जो दर्या जाईल तो परत मिळणार नाही. याच्या उत्तरादाखल नोकऱ्यांचं आश्वासन दिलं जातं, तेव्हा मी एकच गोष्ट विचारतो: कोणत्या वयाच्या माणसाला? प्रकल्पग्रस्ताचा दाखला असला तरी सरकारी नोकरीसाठी वयाची मर्यादा 45 वर्षं आहे. आजोबा दर्यावर परत आले ते 47 चे होते. मावसभाऊ 46 चा. मामा 51 चा. आजी तर 58 ची. या वयांत माझ्या घरातल्या एकालाही त्या मर्यादेत जागा नव्हती.

केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत, आधीपासून अंगात असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन त्याचं प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती सोय आमच्या किनाऱ्यावर, मच्छीमार सोसायट्यांच्या दारात यायला हवी आणि ती वयाच्या अटीशिवाय यायला हवी. पण सरकारची वाट पाहत बसण्याआधी आपल्या हातात असलेलं एक काम आहे.

तुमच्या घरात कुणी पन्नाशीचा माणूस अर्ज घेऊन तुमच्यापुढे बसला, तर अनुभवाचा रकाना घाईने भरू नका. त्याला विचारा: बोटीवर हाताखाली किती खलाशी होते? कोणतं इंजिन स्वतः खोलून दुरुस्त केलंस? बोटीचा, जाळ्याचा आणि माणसांचा वाटा कसा काढायचास? वायरलेस कोण चालवायचं? बर्फात मासळी किती दिवस राखलीस? वादळात माणसं परत कशी आणलीस? तो सांगेल ते सगळं लिहा. रकान्यात जागा पुरली नाही तर मागे कोरा कागद जोडा.

मामाचा तसा कागद मी आता लिहिला आहे. तो दोन पानं भरला आहे आणि त्याच्या सुरुवातीला, आजोबांच्या हजेरीबुकात होता तोच शब्द आहे: खलाशी.